पश्चिमेची खिडकी नको

बेसा

नागपूरच्या माणसाला कुठंही खोली निवडायला सांगा, तो आधी खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारेल आणि 'पश्चिम' ऐकलं की पुढचं काही ऐकणार नाही. मे महिन्यात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहते. हे ज्यानं जन्मभर सोसलंय त्याच्यापुढे मावळत्या सूर्याच्या देखाव्याचं कौतुक करून उपयोग नसतो. आमच्या ट्रॅव्हल एजंटानं नेमकं तेच केलं. जहाजाचा नकाशा कॉम्प्युटरवर उघडून तो बिचारा उत्साहानं सांगत होता, "सर, ही वरच्या डेकवरची बाल्कनीवाली रूम. संध्याकाळी पूर्ण सनसेट रूममधूनच दिसते."

"म्हणजे पश्चिमेची खिडकी," आमचे हे म्हणाले.

"हो न सर!"

"अन् वर काय आहे? डायरेक्ट छत?"

"वर ओपन डेक आहे सर."

"मंग भट्टीच झाली न ते. सगळ्यात खालची खोली दाखव गा. मधातली. खिडकी नसली तरी चालते, थंडी राह्यते."

एजंटानं माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं. जहाजात एसी असतो, डिसेंबरात समुद्रावर ऊन भाजत नाही, लोक खिडकीसाठी भांडतात, हे सगळं आम्ही दोघांनी आळीपाळीनं सांगून झालं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यात खालच्या डेकवरची, मधली, बिनखिडकीची खोली पक्की करूनच उठले. समुद्र बघायला निघालेल्या मला चार भिंती मिळाल्या. परतताना ऑटोत मी तोंड फिरवून बसले.

पण फार ताणलंही नाही. कारण ही सहल दाखवायला समुद्राची असली तरी मुळात ह्यांच्या झोपेसाठी होती.

हे वीजकेंद्रात ऑपरेटर होते. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये पाळ्या करण्यात गेली, शेवटची वर्षं नागपूरजवळ मौद्याकडे. राहायला कॉलनीत. वाळत घातलेल्या कुरडयांवर राखेची बारीक पूड आणि कानात चोवीस तास यंत्रांची घरघर, असा आमचा संसार. ह्यांच्या निवृत्तीनंतर, दीड वर्षापूर्वी, आम्ही नागपूरच्या कडेला बेसाला फ्लॅट घेतला. बेसा झपाट्यानं वाढतंय, पण आमची इमारत रस्त्यापासून बरीच आत आहे आणि मागं अजून तुरीचं शेत आहे. मुलगा निखिल बंगळूरला असतो. त्यानं बेडरूमला नवा एसी लावून दिला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आई, चालू आहे का बंद, समजत पण नाही. एवढा सायलेंट!" जुना लोखंडी कूलर आम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅलरीत ठेवून दिला. पहिल्याच रात्री मी अशी झोपले की सकाळी दूधवाला बेल वाजवून वाजवून निघून गेला.

ह्यांची झोप मात्र तेव्हापासूनच गेली. नुसते डोळे मिटून पडत. सकाळी विचारलं तर म्हणत, "पडून होतो." डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं उत्तम निघालं. गोळ्यांनी झोप येईना, दुसऱ्या दिवशी जीभ मात्र जड व्हायची. मग एका दुपारी बेसा चौकात स्कूटर चालवता चालवता ह्यांचा डोळा लागला आणि हे दुभाजकावर जाऊन आपटले. खरचटण्यावर निभावलं. त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. थट्टेखोर माणूस, पण चिडका झाला. दूध उतू गेलं तरी गॅससमोर तसाच उभा राहायला लागला. मला भीती वाटायला लागली होती, ती मी कोणाला बोलून दाखवली नाही.

निखिलचा रोज फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला, "झोपले का बाबा?"

"डोळे मिटून आहेत," असं माझं उत्तरही ठरलेलं.

मग तो म्हणे की तुम्ही इकडेच या, इथं मोठ्या डॉक्टरला दाखवू. घर बंद करून कायमचं जायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी एकदा हवापालट करून बघा, असं आमच्या डॉक्टरांनी सुचवलं. "कुठं जावं?" असं त्यांनी विचारताच मी चटकन 'समुद्र' म्हटलं. माझी लबाडी एवढीच.

बंदर

नागपूरहून मुंबईपर्यंतचं काही सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बंदरावरच्या इमारतीत शिरलो तेव्हा मला वाटलं, आता समुद्र दिसेल. दिसली ती रांग. तिच्या शेवटी सामान तपासायचं यंत्र, मग दुसरी रांग, मग फोटो, मग हातात एक कार्ड. हेच खोलीची किल्ली, हेच ओळखपत्र. त्यावर एक इंग्रजी अक्षर छापलेलं होतं. धोक्याची घंटा झाली तर त्या अक्षराच्या जागी जमायचं, असं तिथल्या माणसानं सांगितलं. अजून जहाज दिसलंही नव्हतं आणि बुडायची तयारी सुरू झाली होती.

सामानाच्या यंत्रापाशी आमची बॅग अडकली. मला वाटलं माझी जवसाची चटणी. पण तपासनिसानं ह्यांच्या बॅगेतून वायरची गुंडाळी असलेला एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला. हा बोर्ड ह्यांनी स्वतः जोडलेला. लग्नाला जायचं असो की तीर्थाला, ह्यांच्या बॅगेत कपड्यांच्या आधी तो जातो.

"ये अंदर नहीं जायेगा सर."

"काहून? म्हणजे, क्यूं?"

"आग का खतरा रहता है सर. जहाज़ पे अलाउड नहीं."

मी डोळे मिटून घेतले. गेल्या दीड वर्षात ह्यांनी याहून लहान कारणांवरून भांडणं केली होती. पण हे क्षणभर बोर्डाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. लोड कोण किती लावीन, काय भरोसा!" तपासनिसानं बोर्डाला एक निळं लेबल बांधलं, त्यावर आमच्या खोलीचा नंबर टाकला आणि उतरताना परत मिळेल म्हणून सांगितलं.

"तुम्ही नागपूरचे का जी?" मागून एक ठसठशीत आवाज आला. वळून पाहिलं तर हातभर बांगड्या घातलेल्या, साधारण माझ्याच वयाच्या बाई. "ते 'काहून' ऐकलं अन् म्हटलं, बाप्पा, आपलंच माणूस!"

या मीनाताई. नागपूरच्या महाल भागात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. ते सुनेवर टाकून भिशीच्या मैत्रिणींबरोबर आल्या होत्या, त्याही दुसऱ्यांदा. त्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. जेवण कोणत्या मजल्यावर चांगलं, लिफ्ट कोणती लवकर येते, रात्री गारठा कुठं लागतो. "खोली कोणती तुमची?" त्यांनी विचारलं. मी सांगितली. त्यांचा चेहरा पडला. "अवं माय, सगळ्यात खाली? तिथं तं मशीनचा आवाज येते म्हणतात. मागच्या वर्षी आमच्या एकीनं भांडून बदलून घेतली होती."

मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे लगेच छताकडे बघायला लागले.

शेवटी जहाज दिसलं. खरं सांगायचं तर जहाज दिसत नाही, भिंत दिसते. पांढरी, खिडक्याच खिडक्या असलेली, मान मागं टाकली तरी न संपणारी. आमच्याकडे बिल्डर लोक ज्याला स्कीम म्हणतात तशी एक अख्खी स्कीम पाण्यात उभी केलेली. जहाज आणि बंदराचा धक्का यांच्यामधल्या फटीतून खाली पाणी हिरवट काळं हलत होतं. आत पाऊल टाकलं तर पायाखाली गालिचा, डोक्यावर झुंबरं, कोणी गळ्यात मोत्यांच्या माळा घालतंय, कोणी सरबत देतंय. लग्नात मुलीकडच्यांनीसुद्धा आमचं असं स्वागत कधी केलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर जेवण मांडलेलं होतं. ते वाढून घ्यायची नागपूरकरांची एक खोड आहे, आधी सगळीकडे फिरून तिखट कुठं आहे ते शोधायचं. एका भाजीपुढे दोन मिरच्यांचं चित्र होतं. खाल्ली तर आमच्याकडे बारशाला लहान मुलांसाठी करतात तितकी सौम्य. मी गुपचूप चटणीची पुडी सोडली. मीनाताईंनी न विचारता ताट पुढे केलं. हे मात्र काही खाईनात. लाल डोळ्यांनी काचेबाहेर बघत बसले होते. बाहेर समुद्र होता, पण ह्यांना तो दिसत होता असं वाटलं नाही.

खालचा डेक

लिफ्टनं खाली उतरताना मी मनात भांडणाची जुळवाजुळव करत होते. झुंबरं वर राहिली, संगीत वर राहिलं. खाली लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं. खोली उघडली. पलंग, टेबल, आरसा आणि खिडकी असायला हवी तिथं समुद्राचं एक चित्र. आणि आवाज. मीनाताई खोटं बोलल्या नव्हत्या. मोठा नव्हता, पण कुठून तरी खालून, भिंतीतून, पलंगाच्या पायांतून एकसारखी घरघर येत होती. टेबलावरच्या काचेच्या ग्लासात पाणी बारीक थरथरत होतं.

"घ्या," मी म्हटलं. "पश्चिमेची खिडकी नको होती न? आता ऐका हे."

हे दारातच थांबले होते. मान एका बाजूला कलती करून त्यांनी तळहात भिंतीवर टेकवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"चालू आहे," हे म्हणाले.

"काय?"

"मशीन. बंदरात आहे तं जनरेटरच असन नुसता. चांगला चालून राहिला." मग पलंगावर बसले. "पाच मिनिटं पडतो वं."

मी बॅग उघडून साड्या लावायला घेतल्या आणि खिडकीवरून जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. बराच वेळ उत्तर नाही म्हणून आणखी थोडं बोलले. मग शेजारच्या खोलीतून कोणीतरी घोरतंय असं वाटलं. म्हटलं, भिंतीही पातळ आहेत वाटतं. तो आवाज शेजारून नाही, माझ्या मागून येतोय हे लक्षात यायला मला वेळ लागला, इतके दिवस मी तो ऐकला नव्हता. हे बुटांसकट आडवे झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात भिंतीला टेकलेला.

मी हातातली साडी तशीच धरून उभी राहिले. हँगर वाजेल म्हणून कपाटाला हात लावायची हिंमत होईना. बूट काढावेत असं वाटलं, तेही काढले नाहीत.

आणि तेवढ्यात भोंगा झाला. छोटे छोटे बरेच आणि मग एक लांबच लांब. छतातल्या स्पीकरवरून बाई सांगायला लागली की ही सुरक्षेची कवायत आहे, प्रत्येकानं आपल्या कार्डावरच्या अक्षराच्या जागी हजर व्हायचंच आहे. ह्यांनी एक डोळा अर्धा उघडला.

"मॉक ड्रिल आहे," हे पुटपुटले. "तू जाऊन ये." आणि कूस बदलली.

आयुष्यभर ज्यांनी भोंगे ऐकले त्यांना खरा कोणता आणि सरावाचा कोणता हे झोपेतही कळतं. मी हळूच दार ओढून घेतलं आणि वर गेले.

वर प्रत्येकाचं कार्ड एका यंत्राला लावून नोंद करत होते. आमच्या गटाची प्रमुख इंफाळकडची लिडिया नावाची मुलगी होती, काटेकोर, सरळ पाठीची. माझं कार्ड लागलं. तिनं यंत्राच्या पडद्यावर पाहून विचारलं, "आपके हज़बंड?"

"सो रहे हैं."

तिला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं समजावलं की सगळ्यांची नोंद झाल्याशिवाय कवायत पुरी होत नाही, आणि ती पुरी झाल्याशिवाय जहाज निघत नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मीनाताई दोन ओळी सोडून उभ्या होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, "अवं उठवून आणा न त्याईले!"

लिडिया माझ्याबरोबर खाली आली. दाराशी पोचलो आणि तिनं टकटक करायला हात उचलला. मी मध्ये उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. नियमाची माणसं आहोत आम्ही. रांग मोडलेली ह्यांनाही खपत नाही, मलाही नाही. पण माझी पाठ दाराला टेकलेली होती आणि मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला सांगत होते की बाई, हा माणूस दीड वर्षानं झोपलाय. गोळ्यांनी नाही झोपला. घरी नाही झोपला. स्कूटरवरून पडला. का झोपला मला माहीत नाही, आता उठला तर पुन्हा झोपेल की नाही तेही माहीत नाही. तुमचं जहाज थोडं थांबलं तर थांबू दे.

बोलता बोलता मला रडू फुटलं. साठीची बाई, गळ्यात मोत्यांची खोटी माळ, बोळात उभी राहून रडतेय. लिडिया म्हणाली, "मैडम, मुझे देखना तो पड़ेगा कि सर ठीक हैं." ते बरोबर होतं. मी दार अलगद उघडलं. आतून असं दणदणीत घोरणं आलं की तिला पुढं पाहायची गरजच उरली नाही. तिनं दार स्वतःच्या हातानं, मुठीला धरून, आवाज न करता लावलं.

मग वायरलेसवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलली. आजारी किंवा राहिलेल्यांची कवायत जहाज निघाल्यावर संध्याकाळी जेवणाआधी वेगळी घेता येते, तशी वरून परवानगी मिळवून तिनं त्यात ह्यांचं नाव घातलं. मला मात्र बोट दाखवून बजावलं, "शाम को पक्का. लाइफ़ जैकेट के साथ. नहीं तो मैं खुद उठाऊंगी."

वरचा डेक

जहाज सुटताना सगळे सर्वांत वरच्या डेकवर जमतात. मोठ्यानं गाणी लागतात, लोक नाचतात. मीनाताईंचा भिशी गट तर केव्हाच नाचायला लागला होता. मी कठड्याशी जागा धरली. किती वर्षं मनात होतं की जहाज किनारा सोडतं तो क्षण बघायचा आणि ह्यांच्याशेजारी उभं राहून बघायचा. निम्मंच मिळत होतं.

तो क्षण असा येतो की येत नाहीच. मी पाण्याकडे बघत होते, पाणी तिथंच होतं. मग सहज वर पाहिलं तर समोरची क्रेन जरा सरकलेली. म्हटलं, क्रेन हलली. क्रेन नव्हती हलली, आम्ही हललो होतो. रेल्वेला धक्का असतो, एसटीला गिअर असतो. इथं कोणी सांगितल्याशिवाय माणूस जागेवरून सुटतो. बंदराचा धक्का मागं गेला, इमारती मागं गेल्या, मावळतीचं ऊन काचांवर पडून त्या पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. आपल्याकडे कुठल्याही दिशेला गेलं तरी जमीनच लागते. वाट चुकली तरी कोणत्या ना कोणत्या गावात निघतो. इथं पुढं काहीच नव्हतं. मला ते सुंदर वाटलं आणि एकटंही वाटलं.

एवढ्यात मागं हशा पिकला. वळून पाहिलं तर नाचणाऱ्या लोकांमधून वाट काढत आमचे हे येत होते. केस उभे, डोळे सुजलेले आणि अंगात भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट, पट्टे घट्ट बांधलेले. कोणी टाळ्या वाजवल्या. मीनाताई म्हणाल्या, "भाऊजी, बुडून राहिलो का जी आपण?"

ह्यांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. सरळ माझ्यापाशी आले. "काय झालं वं? आवाज बदलला."

"कशाचा?"

"मशीनचा. मोठी मशीन लोडवर आली. मी उठलो तं तू नाही खोलीत." मग आजूबाजूला, मागं सरकणाऱ्या किनाऱ्याकडे पाहिलं आणि थोडे ओशाळले. "निघालो काय?"

"निघालो."

"मले उठवलं काहून नाही?"

"भोंगा झाला तेव्हा तुम्हीच म्हणाले, मॉक ड्रिल आहे, तू जाऊन ये."

"मी म्हटलं?" हे हसले. फार दिवसांनी हसले. "भोंगा नाही ऐकू आला मले. पण आवाज बदलला अन् झटकन जाग आली."

गर्दीपासून बाजूला एक बाक होता, तिथं बसलो. जॅकेट काही ह्यांनी काढलं नाही. कठड्याच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "इथं आवाज नाही येत तेवढा. खाली चांगला येते." मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"बेसाले आवाजच नाही वं."

"म्हणून तं घेतलं न आपण ते घर."

"हाव. तुले बरं वाटते ते. मले काय होते माहीत आहे? डोळा लागते न लागते, अन् वाटते सगळं बंद पडलं. ट्रिप झालं. आता फोन वाजीन, पळा लागीन. मी वाट पाहून राहतो. फोन येत नाही. अन् कोणी सुरूही करत नाही."

ट्रिप होणं म्हणजे काय हे कॉलनीतल्या बायकांना विचारावं. चालतं यंत्र अचानक बंद पडतं, आणि तो घरघरीचा आवाज थांबला की त्या थांबण्यानं सगळी कॉलनी जागी होते. मीही कितीदा जागी झाले होते. फोन वाजायच्या आत हे बूट घालत असायचे. शांतता झाली की काहीतरी बिघडलंय, आपल्याला धावायचंय, हे ह्यांच्या हाडात भिनलेलं. आणि आम्ही ह्यांना निवांतपणा म्हणून ती शांतताच आणून दिली, वर आवाज न करणारा एसी लावून दिला. दीड वर्ष हा माणूस रोज ट्रिप झालेल्या घरात पडून होता.

"मले सांगितलं काहून नाही जी?" मी विचारलं.

"मलेच कुठं माहीत होतं! आज त्या भिंतीले हात लावला तेव्हा समजलं."

मी ह्यांच्या हातावर हात ठेवला. चारचौघांत असं आम्ही कधी करत नाही. किनारा तोवर एक धुरकट रेघ झाला होता. पश्चिमेला सूर्य बुडत होता, तो पाहायला अख्खा डेक त्या बाजूला लोटला, आणि आम्ही दोघं पूर्वेकडे तोंड करून बसून राहिलो.

जेवणाआधी लिडियासमोर कवायत झाली. ह्यांनी ती शाळेतल्या मुलासारखी मन लावून केली. परतताना लिडियानं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

पुढच्या दिवसांचं थोडक्यात सांगते. खोलीत पडलं की हे झोपत. सकाळी मी एकटी वर जाऊन समुद्र बघे. खिडकी नसल्याचा फायदा असा की बघायचं तर उठून जावंच लागतं, त्यामुळे बाल्कनीवाल्यांपेक्षा मी समुद्र जास्त पाहिला असेल. लक्षद्वीपला लहान बोटींनी बेटावर नेलं. पाणी इतकं निळं की बांगडी पडली तर तळाशी दिसावी, असं मीनाताई म्हणाल्या. जेवणानंतर माडांच्या सावलीत सगळे पेंगले. हे तेवढे टक्क जागे, वाळूत रेघोट्या मारत. जहाजावर परतलो आणि एक मोजा काढून होतो न होतो तोच गाढ. मग मला काही शंका उरली नाही. चौथ्या भिंतीवरच्या त्या समुद्राच्या चित्राखाली बसून मी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली.

पुन्हा बेसा

मुंबईला उतरताना एक्स्टेंशन बोर्ड निळ्या लेबलसकट परत मिळाला. नागपूरला कडाक्याची थंडी पडली होती. शेजारी स्वेटर घालून दारात शेकत बसले होते. मी गॅलरीत गेले, कूलरचं प्लास्टिक सोडलं, धूळ पुसली आणि ते लोखंडी धूड ढकलत बेडरूममध्ये आणलं.

"येडी झाली काय वं?" हे म्हणाले. "थंडीचा कूलर लावते?"

"पाणी नाही टाकत. अन् तोंड भिंतीकडे करते."

प्लग पुरेना. बॅगेतून बोर्ड काढला. त्याचं निळं लेबल काढायचं राहूनच गेलं होतं, ते तसंच लोंबत राहिलं. बटण दाबलं. कूलर खडखडत सुरू झाला. हे डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत होते. मग उठले, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, मागचा एक स्क्रू पिळला. खडखड गेली, घरघर राहिली. तळहात पत्र्यावर ठेवून हे क्षणभर थांबले.

"आता बरोबर," म्हणाले, आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन आडवे झाले.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. थोड्या वेळानं निखिलचा फोन आला.

"आई, पोचले न बरोबर? हा कसला आवाज येऊन राहिला? एसी बिघडला का?"

"कूलर आहे."

"कूलर? डिसेंबरात? तिथं तर थंडी असन न?"

"आहे. मी दोन शाली घेऊन बसली आहे."

मग नेहमीचा प्रश्न त्यानं विचारला, पण एकदम हळू आवाजात.

"झोपले का बाबा?"

मी उठले, बेडरूमचं दार अलगद उघडलं आणि फोन आत धरला. कूलरच्या घरघरीतून ह्यांचं घोरणं त्याला नीट ऐकू जावं म्हणून बराच वेळ तसाच धरून उभी राहिले.